उतरवलेल्या तारा

आमच्या भाऊजींना माज चढला म्हणून त्यांनी गाणं सोडलं, असं हल्ली लोक बोलतात. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार, म्हणून मी गप्प होते. पण परवा केस कापायला गेले, तर ती पार्लरवालीसुद्धा कात्री हवेत धरून मला तेच विचारायला लागली, तेव्हा माझं डोकं सटकलं. तिला सांगायला घेतलं ते सांगून व्हायच्या आतच केस संपले. म्हणून आता सगळं सांगते.

भाऊजी म्हणजे माझा दीर, नवऱ्याचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. दिवसा एका गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारायचं काम. ठोकलेली, चेपलेली गाडी घासूनपुसून त्यांच्याकडे यायची आणि नव्यासारखी होऊन बाहेर पडायची. गॅरेजमागे रंग मारायची एक बंद खोली आहे, एक पंखा आणि भिंतींवर सगळ्या रंगांची धूळ. मालकाने चांगला मास्क आणून दिला होता, पण तो खिळ्यालाच लटकलेला असायचा. कारण काय, तर मास्क लावला की गुणगुणता येत नाही. हे कारण त्यांनी मला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं. मी म्हटलं, भाऊजी, गुणगुणायला आधी फुप्फुसं लागतात. ते हसले आणि दुसऱ्या दिवशीही मास्क खिळ्यालाच राहिला.

हे दिवसाचं झालं. बाकी वेळ आमच्या घरात एकच विषय, तो म्हणजे बँड. बँडचं नाव ‘गळकी टाकी’. सुरुवातीला ते एका इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली सराव करायचे आणि टाकी गळायची, म्हणून हे नाव. यापेक्षा बरं नाव कोणाला सुचलं नाही, हे मी आजही ऐकवते. माझा नवरा गिटार वाजवतो. कीबोर्डवर मास्तर, म्हणजे शाळेत गणित शिकवणारा मित्र. ड्रम वाजवतो तो गादीवाला, कारण त्याचं गाद्यांचं दुकान आहे. पुढे सरावही त्याच्याच गोदामात व्हायला लागला. चारी बाजूंनी छतापर्यंत गाद्या, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही आणि शेजारी भांडायला येत नाहीत. पहिला अल्बम त्यांनी तिथेच स्वतःच्या हिमतीवर रेकॉर्ड केला. एकाही कंपनीने त्यांना दारात उभं केलं नव्हतं.

त्या अल्बममधलं शेवटचं गाणं ‘अजून एक मजला’. एक माणूस जिना चढतोय, बस्स, एवढंच गाणं. प्रत्येक कडव्याला सूर थोडा वर जातो आणि अगदी शेवटी ‘वर’ हा एकच शब्द भाऊजी इतका उंच नेऊन तिथे धरून ठेवायचे, की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. मला गाण्यातलं काडीचं कळत नाही, पण त्या ‘वर’ला माझ्याही अंगावर काटा यायचा. त्या एका सुरावर त्यांना वीस वर्षं बोलावणी आली. कॉलेजं, लहान हॉल, कुठल्याशा कारखान्याचं पटांगण, एकदा तर दुकानांच्या मधला चौक. लोक बाकीची गाणी गप्पा मारत ऐकायचे आणि ते गाणं सुरू झालं की गप्प व्हायचे. भाऊजींना सगळे ‘कर्णा’ म्हणायचे. कर्ण्याला माइक कशाला, असं गादीवाला प्रत्येक कार्यक्रमात म्हणायचा आणि प्रत्येक कार्यक्रमात तो एकटाच हसायचा.

मोठे झाले का? नाही झाले. जेवढे होते तेवढेच राहिले. पण भाऊजींना त्याचं काही वाटत नव्हतं. गॅरेजमध्ये त्यांना कोणी साहेब म्हणत नव्हतं, घरात ते सगळ्यांचे काका-भाऊजी, आणि स्टेजवर मात्र ते कर्णा. त्या एका गाण्यापुरता हा माणूस स्वतःला कोणीतरी समजायचा. समजू दे की. कोणाच्या ताटातलं घेत होता तो.

मधल्या काही वर्षांत ते एक गोष्ट फार कौतुकाने सांगायला लागले. म्हणायचे, “वहिनी, वय झालं की आवाज जातो म्हणतात. माझं उलटंच आहे. तो वरचा सूर आता पूर्वीपेक्षा सोपा जातो. मुरलाय आवाज.” मी म्हणायचे, लोणचं आहात का तुम्ही. शेजारी बसलेला माझा नवरा यावर कधी हसायचा नाही. उठून पाणी प्यायला जायचा. मला वाटायचं, तहान लागत असेल.

गेल्या वर्षी पहिल्या अल्बमला वीस वर्षं झाली, म्हणून एका जुन्या गोदामाचा हॉल केलाय तिथे कार्यक्रम ठरला. आधी एक नवा बँड, मग आमचे. नव्या बँडमध्ये सगळी कॉलेजातली मुलं आणि पुढे गिटार घेऊन गाणारी एक मुलगी, केस बारीक कापलेले, पायात दोन वेगवेगळे मोजे. मी स्टेजच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. माझ्यामागे आमचे चौघे चहा पीत उभे होते. दोन-तीन गाणी झाल्यावर ती मुलगी माइकवर म्हणाली, “आम्ही गिटार शिकलो ते एका गाण्यावर. ते गाणं गाणारे आज इथेच आहेत. कर्णादादा, तुम्ही या ना वर. आमच्यासोबत एकदा म्हणा.”

भाऊजींचा चेहरा काय सांगू. इतका आनंद मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर फार कमी वेळा पाहिलाय. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि निघाले. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने त्यांचा दंड धरला. “नको जाऊस,” म्हणाला. “आपला कार्यक्रम आहे पुढे. गळा राखून ठेव.”

“एका गाण्याने काय होतंय रे दादा?”

“मी सांगतोय ना. नको.”

आवाज असा, की मी वळून बघितलं. मास्तर जमिनीकडे बघत होता. गादीवाल्याने कप तोंडाशी नेलेला तसाच धरला होता. भाऊजींनी हसून हात सोडवला आणि वर गेले. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

पहिल्या ओळीलाच काहीतरी चुकलं. माझ्यासारखीला कळलं म्हणजे बघा. ते गाणं उचलायला गेले आणि गाणं त्यांच्या हाताला लागेना. मान ताणून म्हणत होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. पोरं बिचारी जीव ओतून वाजवत होती, त्यांना वाटलं दादा रंगात आलेत. दुसरं कडवं, तिसरं कडवं, तेव्हाच चेहरा पांढरा पडला होता. आणि मग तो ‘वर’ आला. भाऊजींनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि पत्रा फाटावा तसा आवाज फाटला. मग नुसता श्वास. माइकमधून तो श्वास सगळ्या हॉलला ऐकू आला.

कोणीतरी मागे हसलं. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, पडलेल्या माणसाला उठवताना वाजवतात तशा. भाऊजी त्या मुलीजवळ गेले. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. त्यांनी विचारलं, “तारा वरच्या सुरात चढवून घेतल्यात का गं?”

ती घाबरली. “नाही दादा. रेकॉर्डवर आहे तश्शाच ठेवल्यात. मी रेकॉर्ड लावूनच जुळवते.”

भाऊजी खाली आले. माझ्या नवऱ्याची गिटार स्टँडवर ठेवलेली होती, तिची सगळ्यात जाड तार त्यांनी अंगठ्याने छेडली. थोडा वेळ ऐकलं. पुन्हा छेडली. मग आपल्या दादाकडे बघितलं. माझा नवरा त्यांच्या नजरेला नजर देऊ शकला नाही आणि मला तेव्हाच कळलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

त्यानंतर आमच्यांचा कार्यक्रम झाला. हो, झाला. भाऊजी सगळी गाणी गायले, शेवटी ‘अजून एक मजला’सुद्धा, आणि या वेळी तो ‘वर’ लागला, अगदी स्वच्छ लागला. लोक वेडे झाले. गाताना ते लोकांकडे बघतच नव्हते, दादाच्या बोटांकडे बघत होते.

परतताना गाडीत सामान आणि आम्ही पाच माणसं. भाऊजींनी विचारलं, “केव्हापासून?”

मग मीच म्हटलं, अरे विचारतोय तो माणूस काहीतरी, सगळ्यांनी काय मूग गिळलेत? तेव्हा मास्तर बोलला. तो शाळेत समजावतो तसं समजावायला लागला. गिटारच्या सगळ्या तारा सारख्या सैल केल्या की अख्खं गाणं एक पायरी खाली येतं. बोटं तीच, चाल तीच, गाणाऱ्याला फक्त सोपं जातं. कीबोर्डला तर त्यासाठी बटणच असतं. आधी एक पायरी, मग दुसरी. भाऊजी स्वतः काही वाजवत नाहीत, आणि स्वतःचं रेकॉर्ड कधी ऐकत नाहीत. “स्वतःचा आवाज ऐकणं म्हणजे स्वतःचं उष्टं खाणं,” असं म्हणायचे ते. त्यामुळे चाललं.

“मी तुझ्यासाठीच केलं,” माझा नवरा म्हणाला. “तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी गाणं टाकून दिलं असतंस. तुला मी ओळखत नाही का?”

भाऊजींनी खिडकीची काच खाली केली.

माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला मी तूच म्हणते, कॉलेजपासूनची सवय. म्हटलं, तुझ्यासाठी म्हणे. तो गेला असता तर तुमच्या बँडला कुत्रं तरी विचारणार होतं का? चांगले तिघं मिळून एका माणसाला वर्षानुवर्षं फसवता, तो घरी येऊन आवाज मुरलाय म्हणून मला कौतुकाने सांगतो आणि तू उठून पाणी पितोस? गादीवाल्याने गाडी बाजूला घेतली, कारण मी मागून त्याच्याच सीटवर बुक्क्या मारत होते.

तरी तोवर मला वाटत होतं, प्रकरण अपमानाचं आहे. थोडे दिवस फुगतील, मग भाऊ-भाऊ एक होतील. खरं काय ते घशाच्या डॉक्टरकडे कळलं.

त्या कार्यक्रमानंतर भाऊजींचा आवाज बसला तो उघडेना. मीच मागे लागून डॉक्टरकडे नेलं. दादा आपणहून गाडीत येऊन बसला, त्याला उतर म्हणायची ताकद कोणात नव्हती. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण हात शांत. नाकातून बारीक नळी घालून घसा बघितला आणि समोरच्या पडद्यावर आम्हालाही दाखवला. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. भाऊजींच्या पट्ट्या जाड झाल्या होत्या आणि एकीवर गाठ होती. बाईंनी विचारलं, काम काय करता? रंगाचं. मास्क लावता? भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. “आवाज खाली उतरतोय हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?”

“आत्ता,” भाऊजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मागच्या महिन्यात.”

बाईंनी मान हलवली. “शक्य नाही. हे जुनं आहे. नीट आठवून सांगा, मला त्यावर पुढचं ठरवायचंय.”

भाऊजी आठवायला लागले. खरंच आठवायला लागले, कपाळाला आठ्या घालून. आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरून माझा नवरा म्हणाला, “आमची धाकटी शाळेत जायला लागली, त्या वर्षी.”

आमची धाकटी आता सातवीत आहे.

बाईंनी एकदा दोघांकडे बघितलं. त्यांना आमचं रामायण काय माहीत. त्या सरळ बोलल्या. “तेव्हा आला असतात तर मास्क, थोडी औषधं आणि आवाजाला विश्रांती, एवढ्यावर भागलं असतं. आता गाठ काढावी लागेल. बोलता नीट येईल. गाण्याचं मी सांगू शकत नाही.”

माझा नवरा खुर्चीत बसल्या जागी लहान झाला. मला त्याचा इतका राग आला होता आणि त्याच वेळी त्याची इतकी कीव आली, की मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसले. भाऊजींनी फक्त शर्टाची बाही खाली ओढून बटण लावलं.

गाठ काढली. त्यानंतर बाईंनी काही दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं, कुजबुजायचंसुद्धा नाही. घरात मौन सुरू झालं. काय हवं ते भाऊजी खुणेने मागायचे. धाकटीला त्याची मजा वाटायची, ती त्यांच्याशी खुणांनीच भांडायची. पण माझ्या नवऱ्याचे हाल बघवत नव्हते. भाऊ समोर बसून जेवतोय आणि बोलत नाही. हे डॉक्टरांमुळे, की त्याच्यामुळे? त्याला कळायला मार्ग नव्हता. मला रोज विचारायचा, “तुला काय वाटतं, चिडलाय का?” मी म्हणायचे, तोंड उघडायची परवानगी मिळेल तेव्हा कळेलच की.

ती मिळाली. भाऊजी बोलायला लागले. आवाज जाडसर, आपल्या घरातल्याच कोणा वयस्कर माणसाचा वाटावा तसा. माझ्याशी बोलले, धाकटीशी बोलले, गॅरेजच्या मालकाशी फोनवर बोलले. दादाशी नाही. मग कळलं सगळ्यांनाच.

आणि एका रविवारी सकाळी, मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते, नवरा चष्मा पुसत बसला होता, तेव्हा भाऊजी आतून त्याची गिटार घेऊन आले आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“चढव,” म्हणाले. “रेकॉर्डवर होत्या तिथपर्यंत.”

नवऱ्याने काही न विचारता तारा चढवल्या. भाऊजींनी ‘अजून एक मजला’ची सुरुवात वाजवायला लावली, मान खाली घालून ऐकली, गायले नाहीत.

“आता पहिल्यांदा उतरवल्या होत्यास तेवढ्या उतरव.”

त्याने उतरवल्या.

“हे कुठे केलंस?”

“धरणाजवळच्या त्या कॉलेजात. तू आदल्या कार्यक्रमात खोकत होतास. मला वाटलं तेवढ्यापुरतंच.”

“आणि मग?”

नवऱ्याने आणखी उतरवल्या. “कारखान्याच्या पटांगणात.”

भाऊजी खाली बसले. मग म्हणाले, “दादा, त्या पटांगणात मी जन्मात सगळ्यात चांगला गायलो. मला तसंच वाटत आलंय. माणसं पत्र्यावर चढून ऐकत होती. रात्रभर मला झोप नव्हती आनंदाने.”

“चांगलाच गायलास रे. खोटं नाही सांगत.”

“तू सांगतोस ते खरं की खोटं, हे मी आता कसं ओळखायचं?”

माझ्या हातातला टॉवेल मी तिसऱ्यांदा घडी करत होते.

“खाली घे,” भाऊजी म्हणाले. नवऱ्याने तारा सैल केल्या. भाऊजींनी पहिली ओळ म्हणून बघितली, आवाज तिथेही पोचला नाही. “अजून खाली.” पुन्हा सैल. “अजून.” तारा इतक्या ढिल्या झाल्या की लाकडावर फडफडायला लागल्या. “याच्या खाली वाजत नाही रे,” माझा नवरा म्हणाला, आणि तो रडत होता, उघड रडत होता, चष्म्याशिवाय. भाऊजींनी त्या फडफडणाऱ्या तारांवर पहिलं कडवं म्हटलं. सूर जागेवर होता. आवाज ओबडधोबड, पण त्यांचाच. दुसरं कडवं सुरू केलं आणि मध्येच थांबले. शेवटच्या शब्दापर्यंत गेलेच नाहीत.

“बस,” म्हणाले. “कळलं कुठे आहे ते.”

मग त्यांनी गिटार दादाच्या मांडीवरून उचलली आणि स्वतःच खुंट्या पिळायला लागले. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते काम. एक तार तुटली, दुसरी आणायला लावली. दुपारपर्यंत बसून, रेकॉर्ड लावून, स्वतःचा वीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकत, त्यांनी सगळ्या तारा जुळवल्या. मी जेवायला हाक मारली तेव्हा मान वर न करता म्हणाले, “त्या वेगळ्या मोज्यांच्या पोरीला बोलव दादा. ती गाईल. तारा इथून पुढे मी लावणार.”

आणि तसंच चाललंय. ‘गळकी टाकी’ अजून वाजते, पुढे ती मुलगी गाते, तो ‘वर’ तिला लागतो. माझा नवरा गिटार वाजवतो, पण खुंटीला त्याने बोट लावायचं नाही. प्रत्येक गाण्याआधी भाऊजी येतात, त्याच्या हातातून गिटार घेतात, कान लावून तपासतात, परत देतात आणि बाजूला हाताची घडी घालून उभे राहतात. लोकांना ती घडी दिसते, म्हणून म्हणतात माज आलाय. दोघं भाऊ बोलतात आता, गाडीचं, बिलाचं, धाकटीच्या अभ्यासाचं. पण गिटार घेताना आणि देताना एकमेकांकडे बघत नाहीत. मी रागावून बघितलं, समजावून बघितलं. हे माझ्या हातचं नाही.

मागच्या आठवड्यात गॅरेजचा मालक भाजीच्या दुकानात भेटला. भाऊजींचं चांगलं चाललंय म्हणाला. हल्ली रंगाच्या खोलीत जाताना मास्क लावायला एकदाही विसरत नाहीत.